साहेब व कारकून यांच्या गैरहजेरीबाबत

ती. दादा,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांगच घालायला हवा, पण गेल्या गुरुवारपासून कंबरेने वाकायचं साफ नाकारलं आहे (कारण पुढे येईल), तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्यावा. तुमची तब्येत ठीक असावी. गुडघ्याचं तेल बदललंत असं दिसतं. आधीचं बरं होतं. या नव्याने आमच्या सतरंज्यांनासुद्धा आजारी माणसाच्या खोलीसारखा वास येतो. तुमच्या गुडघ्याचा वास माझ्या सतरंजीला कसा, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही, कारण उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे. ही बरी आहे, नमस्कार सांगते. नऊ वर्षांनी पत्र लिहितो आहे, म्हणजे ख्यालीखुशालीच्या आणखी चार ओळी हव्यात हे मला समजतं, पण माझा राग तोवर थांबणार नाही. (जन्मभर तुम्हाला ‘तू’ म्हणत आलो. आज ‘तुम्ही’ म्हणतो आहे तो रागाने. आदर वगैरे समजून खूश होऊ नये.)

विषय एवढाच, की माझी दोन कुत्री रोज संध्याकाळी तुमच्या ओसरीवर बसलेली असतात. हे ताबडतोब बंद व्हावं.

ही कुत्री माझ्याकडे आली कशी हे तुम्हाला ठाऊक नसणार, कारण तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चालत जा. मला म्हणाले! तीस वर्षं लोकांच्या शेताबांधांतून मोजणीची साखळी ओढत हिंडलो, आणि माझ्या निम्म्या वयाचा माणूस खुर्चीत बसून मला चालायला शिकवतो. मी घरी येऊन खुर्चीतच बसलो. मग हिने परस्पर आपल्या मावसभावाला कळवलं. त्याच्याकडे शिकारी जातीचे हाउंड आहेत, लांब कानांचे, तोंडावर कायम कोणीतरी फसवल्याचा भाव. त्याने एकाच वेतातले दोन भाऊ पाठवून दिले. एक दांडगा, संथ, कुठेही गेला तरी आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे अशा थाटात बसणारा. त्याचं नाव मी साहेब ठेवलं. दुसरा किडकिडीत, दर खांबापाशी, दर झुडपापाशी थांबून नोंद करून पुढे जाणारा, तो कारकून. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे मला या दोघांचा स्वभाव ओळखायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. मात्र कचेरीतला साहेब निदान पाच वाजेपर्यंत जागेवर सापडायचा.

आम्ही पावणेपाचला निघतो. गिरणीच्या मागून, मेंढ्यांच्या कुरणाच्या कडेने, ओढ्यावरच्या दगडी पुलापर्यंत जायचं आणि परत, असा मी आखलेला रस्ता. सुरुवातीला दोघांनाही पट्टे लावून नेत असे. तीन दिवसांत माझे दोन्ही हात सारख्या लांबीचे राहिले नाहीत. साहेबाला डावीकडे जायचं असतं तेव्हा कारकुनाला उजवीकडेच महत्त्वाचं काम निघतं, आणि मध्ये मी, दोघींनी दोन टोकांनी धरून पिळायला घेतलेल्या चादरीसारखा. म्हणून कुरण संपलं की पट्टे सोडायला लागलो. पुलापर्यंत त्यांची वागणूक अशी, की बघणाऱ्याने माझं अभिनंदन करावं. पुलावर आलो, की साहेब मान वर करतो, एखाद्या बैठकीची वेळ आठवावी तसा क्षणभर उभा राहतो, कारकून त्याच्याकडे बघतो, आणि पुढच्या क्षणाला पुलावर मी एकटा. हे रोज. पाऊस असो, वारा असो. मग मी ओरडत सुटतो. एकदा शेताच्या कडेला “साहेब! ओ साहेब, ऐका तरी!” असा टाहो फोडत होतो, तेव्हा एक भरदार गृहस्थ ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले आणि अत्यंत दिलदारपणे म्हणाले, बोला, काय अडचण आहे? त्यांना खरं सांगण्याचा मला धीर झाला नाही. पाणीपुरवठ्याबद्दल काहीतरी बोलून मी पाय काढता घेतला, आणि आता ते दर आठवड्याला माझ्या पाण्याची चौकशी करतात.

कुत्री साडेसहाला आपापली घरी येतात. येतात ती कशी? दमलेली, भुकेली, पस्तावलेली? छे! ती येतात तृप्त होऊन. ताटलीला तोंड लावत नाहीत. मी पुलापासून घरापर्यंत प्रत्येक चर, प्रत्येक गवताची गंजी पालथी घालून, काट्यांनी धोतर फाडून (विजार म्हणायला हवं, पण फाटल्यावर ती विजार राहिली नव्हती) दारात येतो, तर ही दोघं पायरीवर बसून, एवढा उशीर कुठे झाला, अशा नजरेने माझ्याकडे बघतात. आणि अंगाला तेलाचा वास! मला वाटलं एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन लोळत असतील. मी गॅरेजवाल्याला जाऊन चांगला दम दिला. त्याचीही माफी मागायची राहिली आहे.

आता गेल्या गुरुवारचं ऐका. मेंढपाळ म्हणाला, हाकेने कुत्रं येत नाही, तोंडात दोन बोटं घालून शीळ घालावी लागते. मी पुलावर उभा राहिलो, बोटं घातली, छाती भरून घेतली आणि फुंकलं. शीळ निघाली नाही. वरची कवळी निघाली. ती कठड्याला आपटून पलीकडच्या वाळूत पडली. मी ती उचलायला वाकलो तेव्हा कंबरेत जे झालं ते झालंच, आणि मी तसाच काटकोनात असताना साहेबाने शांतपणे येऊन कवळी तोंडात धरली, माझ्याकडे एकवार पाहिलं, आणि निघून गेला. कारकून त्याच्यामागे. मला ओरडताही येईना. दातांशिवाय ‘साहेब’ कसं ऐकू येतं ते एकदा म्हणून पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टातली मुलगी पार्सल घेऊन आली. (ही कोण ते तुम्हाला सांगायला नको, पण मी तिचं नाव नऊ वर्षांत घरात निघू दिलेलं नाही, म्हणून इथेही पोस्टातलीच म्हणतो.) तपकिरी कागद, वर माझा पत्ता, कवायतीला उभं केल्यासारखं एकेक अक्षर. ते अक्षर मी ओळखणार नाही होय? आत माझी कवळी. धुतलेली, घासलेली, कापसात गुंडाळलेली. आणि चिठ्ठी? चिठ्ठी नाही! दादा, मी कागद उलटून पाहिला, कापूस विंचरून पाहिला. नऊ वर्षांत सख्ख्या भावाकडून आलेलं पहिलं टपाल, आणि त्यात फक्त माझेच दात. ‘काळजी घे’ एवढे दोन शब्द लिहायला शाई संपली होती का?

मग त्या मुलीला विचारलं, तर तिला माझीच कीव आली. म्हणाली, “अहो काका, अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. तुम्हालाच कसं नाही?” तिने सांगितलेलं सगळं मी इथे लिहून काढतो आणि यातलं काय खोटं आहे ते तुम्ही सांगा. की तुम्ही रोज बरोब्बर सव्वापाचला ओसरीवर उभे राहून ती शाळेतली शिट्टी फुंकता. की कुत्री ओढा ओलांडून धावत येतात. की तुम्ही त्यांची नावं परस्पर बदलून सावधान आणि विश्राम अशी ठेवली आहेत. (दांडग्याचं विश्राम, हे बरोबर आहे, तेवढं कबूल करतो.) की प्रत्येकी एक उकडलेलं अंडं मिळतं. की मग तुम्ही खुर्चीत बसून त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवता, अग्रलेखासकट, आणि सव्वासहाला ‘विसर्जन’ म्हणता की ती उठून नीट घरी निघतात. चाळीस वर्षं शाळेत मुलांना कवायत शिकवलीत ती पुरली नाही, आता माझ्या कुत्र्यांना शिकवता? मी महिनाभर ‘बस’ म्हणतो आहे, साहेब उभा राहतो. आणि तुमचं एक ‘विसर्जन’ ऐकून ती मैलभर चालत घरी येतात. याला फितवणं म्हणतात, दादा. दुसरा शब्द नाही.

शिट्टीबद्दल एक खुलासा. ती मुलगी म्हणते, शिट्टी गिरणीपर्यंत ऐकू येते. मला पुलावर ऐकू आली नाही, यावर तिने आणि हिने एकमेकींकडे पाहिलं. तर मी बहिरा झालेलो नाही. त्या वेळेला वारा उलटा असतो. हे मी हिला बजावून सांगितलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण पुटपुटायची तिची सवय जुनीच आहे.

वर्तमानपत्राचं ऐकून मात्र मला वहिनी आठवल्या, हे लिहायलाच हवं. वहिनी असताना तुम्ही त्यांना रोज वाचून दाखवायचात. वहिनी गेल्या त्या दिवशी मी आलो होतो. फाटकापर्यंत आलो, आत तुम्ही दिसलात, आणि तिथूनच परत गेलो. त्याची मला लाज वाटते. पण ते वेगळं प्रकरण आहे, त्याचा कुत्र्यांशी संबंध जोडू नये.

कारण भांडण मी सुरू केलेलं नाही. तुमच्या शाळेच्या त्या मुलीने, आता पोस्टात आहे तिनेच, चारशे मीटरची शर्यत जिंकून जिल्ह्याचा विक्रम मोडला, पलीकडच्या शाळेने मैदान आखूड आहे म्हणून तक्रार केली, आणि मोजणीला सरकारने पाठवलं ते मला. यात माझा काय दोष? मी मोजलं. तीनशे त्र्याण्णव मीटर सत्तर सेंटिमीटर भरलं. तेवढंच लिहून खाली सही केली. मी भावासाठी सहा मीटर पदरचे घालायला हवे होते का? सगळ्या मास्तरांसमोर तुम्ही म्हणालात, मैदान चारशेच आहे, तुझी पट्टी तपास. मी म्हणालो, पट्टी खोटं बोलत नाही. विक्रम रद्द झाला, मुलीने बूट खुंटीला लावले ते लावलेच, आणि तुम्ही निरोपसमारंभालासुद्धा न जाता निवृत्त झालात. तेव्हापासून तुमच्या घराकडे जाणारा रस्ता मी माझ्या फिरण्यातून वगळला. आणि माझीच कुत्री नेमकी तिकडे जातात. हा नाकावर टिच्चून केलेला अपमान नाही तर काय?

असो. तक्रार करायची तर पुरावा पक्का हवा, म्हणून मी पुलापासून तुमच्या फाटकापर्यंतचं अंतर मोजायचं ठरवलं. एवढ्या लांब पोचेल अशी शिट्टी माणूस हौसेने फुंकत नाही, मुद्दाम फुंकतो, हे मला आकड्यांत दाखवायचं होतं. ट्रंकेतून तीस मीटरची जुनी पट्टी काढली. हिला म्हटलं, चल, एक टोक धर. ही म्हणाली, त्या पट्टीने एकदा घर मोडलं तेवढं पुरे, मी हात लावणार नाही. म्हणून पट्टीच्या टोकाचा हूक मी कारकुनाच्या गळपट्ट्यात अडकवला. हूक खट् वाजला आणि नवल म्हणजे तो चटकन बसला. साहेबही बसला, पण तो त्याच्या मर्जीने. त्या रस्त्यावरचे विजेचे खांब एकमेकांपासून बरोबर पन्नास मीटरवर आहेत. ते मी स्वतः दुर्बीण लावून आखून दिले होते, म्हणून आधी खांब ते खांब मोजून सुरुवात केली. दोनदा पट्टी टाकली, एकोणपन्नास मीटर दहा सेंटिमीटर भरलं. खांबाला नावं ठेवली, पुन्हा मोजलं. एकोणपन्नास दहा. पुढचे दोन खांब मोजले. एकोणपन्नास दहा. मग मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि मोजणी तिथेच थांबवली. का थांबवली हा कार्यालयीन प्रश्न आहे आणि त्याचा या पत्राशी संबंध नाही.

तर माझं म्हणणं असं. शिट्टी बंद करावी. अंडी बंद करावीत, साहेबाचं पोट जमिनीला टेकत चाललं आहे. नावं पूर्ववत करावीत. आणि कवळी घासायला जी कसली पूड वापरलीत तिचं नाव कळवावं, दात इतके पांढरे माझ्या लग्नातही नव्हते. हे चारही मुद्दे मान्य नसतील तर मी कुत्री हिच्या मावसभावाला परत पाठवून देईन आणि पुन्हा खुर्चीत बसेन, मग माझं जे काही होईल त्याला तुम्ही जबाबदार.

तुमचा (नाइलाजाने)
धाकटा भाऊ

ता. क. – पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मोजणी का थांबवली ते लिहितो. मी रस्त्याच्या कडेला बसून कारकुनाकडे बघत होतो. त्याच्या गळ्यापासून पट्टीच्या शून्यापर्यंत चामड्याचा एक तुकडा ताणलेला होता, हातभर लांब. पट्टीची मूळ कडी फार पूर्वी तुटली होती. नवी पट्टी मागायची तर तीन प्रतींत अर्ज करावा लागे, म्हणून मी आपल्या लहानपणच्या त्या एकडोळ्या कुत्र्याचा पट्टा कापून, हुकासकट, पट्टीच्या टोकाला शिवून टाकला होता. शून्य शिवणीपाशी, हूक त्याच्या हातभर पुढे. स्वतः धरायचो तेव्हा शिवण धरायचो. मैदानावर त्या दिवशी टोक शिपायाने धरलं होतं, आणि मी दुसऱ्या टोकाशी आकडे वाचत होतो. त्याने काय धरलं ते मी एकदाही जाऊन पाहिलं नाही. खांबापाशी दोनदा पट्टी टाकली तर दोन हात कमी भरले. मैदानावर चौदा वेळा टाकली होती. चौदा हात म्हणजे सहा मीटर तीस सेंटिमीटर. गुणाकार मी रस्त्यावर बसल्याबसल्या अकरा वेळा केला. दादा, मैदान चारशे मीटरच होतं. पट्टी खोटंच बोलत होती, आणि शिपायाला दोष देऊन उपयोग नाही, टोक बघणं हे माझं काम होतं.

दुसरा ता. क. – त्या मुलीला काल दारात थांबवून सगळं सांगितलं. मला वाटलं, टपालाची पिशवी माझ्या डोक्यात घालील. तिने पिशवी खाली ठेवली, मग म्हणाली, रविवारी सकाळी मैदान रिकामं असतं, सरांना बोलवा. कचेरीकडून नवी पट्टी मागून आणली आहे, कडीसकट, तीन प्रतींत अर्ज करून. हेडमास्तरांनाही कळवलं आहे. जिल्ह्याला चुकीची कबुली लिहून ठेवली आहे, फक्त खरा आकडा भरायचा बाकी आहे. आकडे मी वाचीन. शून्याचं टोक मात्र तुम्ही धरायचं. आता दुसऱ्या कोणाच्या हातात ते द्यायची माझी हिंमत नाही.

तिसरा ता. क. – हे पत्र टपालाने पाठवत नाही, तिच्यासमोर ते टपालपेटीत टाकायला मला संकोच वाटतो. साहेबाच्या गळपट्ट्याला बांधलं आहे. सव्वापाचला दोन मिनिटं कमी आहेत, मी पुलावर आहे, आणि आज दोघांना मीच सोडणार आहे. वरचे चारही मुद्दे रद्द समज. अंडी तेवढी अर्धी अर्धी दे. आणि दादा, शिट्टी रोजच्यापेक्षा जरा जोरात फुंक. वारा वगैरे काही उलटा नसतो रे, मलाच ऐकू येत नाही.